दोन्ही चाकं खाली

माझ्या भाऊजींना विमानांच्या मैदानावर सगळे ‘परीक्षक’ म्हणतात. हे नाव कौतुकाने पडलं असा त्यांचा समज आहे. सोळा वर्षांत कुणी तो दूर केला नाही, कारण ज्याच्या विमानाचे पाय अडकतात त्याला भाऊजींशी वाकडं घेऊन चालत नाही, आणि पाय आज ना उद्या सगळ्यांच्याच विमानाचे अडकतात.

ही विमानं रिमोटवर उडणारी. हसू नका, लहान मुलांची नाहीत. पंखांचा पसारा दोन-दोन मीटर, पेट्रोलवर चालणारं इंजिन आणि उडवणारे सगळे पिकल्या केसांचे: एक दातांचा डॉक्टर, एक इमारतींचा ठेकेदार, एक निवृत्त न्यायाधीश, असे आणखी दहा-बारा. गावाबाहेर, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे त्यांनी एक डांबरी पट्टी करून घेतली आहे. शेजारी गवत, कडेला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एक लांब टेबल. दर रविवारी सकाळी मंडळी तिथे जमतात. त्यांतल्या ज्यांना खऱ्या विमानासारखा थाट हवा असतो ते आत ओढले जाणारे पाय बसवतात. विमान उडालं की चाकांसकट पाय पंखात गडप होतात, उतरायच्या वेळी बाहेर येतात. म्हणजे यायला हवेत. हौसेला मोल नसतं म्हणतात. दुखणं मात्र असतं, आणि या हौसेचं दुखणं बहुतेक वेळा पायांत निघतं.

भाऊजी धंद्याने शिवणयंत्रं दुरुस्त करणारे. एकदा दातांच्या डॉक्टरच्या बायकोचं यंत्र पोचवायला गेले, तर डॉक्टर अंगणात विमान उलटं घालून कपाळाला हात लावून बसला होता. भाऊजींनी उकिडवं बसून दहा मिनिटं बघितलं आणि केसाएवढी वाकलेली एक तार त्याच्या हातात दिली. तेव्हापासून ते दर रविवारी मैदानावर. मला बरोबर नेत, टॉर्च धरायला. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला कारकून, बिनलग्नाचा. रविवारी सकाळी मला तरी काय काम होतं.

त्यांचं काम बघण्यासारखं असे, हे दुश्मनानेही कबूल करावं. हे पाय हवेच्या दाबावर चालतात. पोटात एक छोटी टाकी, ती सायकलच्या पंपाने भरायची, तिथून बारीक नळ्या. भाऊजी आधी टाकी भरून घड्याळ लावून बसत आणि तासाभरात दाब किती उतरला ते बघत. मग जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधत. मग डाव्या पायाची नळी उजव्याला आणि उजव्याची डाव्याला जोडत. दुखणं बाजू बदलून गेलं तर नळीत, नाही गेलं तर पायात. मग नळी काढून टाकून पाय नुसत्या बोटाने हलवत, डोळे मिटून. कुठे पाणी मुरतंय ते त्यांना बोटाला कळे. मी सोळा वर्षांत त्यांना एकदाही चुकलेलं पाहिलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी केली नाही. एकदाही विमान उडवलं नाही. कुणी रिमोट पुढे केला तर हात मागे घेत. उडवायचं म्हणजे चुकायची तयारी लागते, आणि ती त्यांच्याकडे कधीच नव्हती.

दोष सापडला की माणसाने सांगून मोकळं व्हावं. भाऊजी तसं करत नसत. खिशातून नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली काढायचे, दोषाच्या जागी मोहरीएवढा ठिपका द्यायचे, बाटली परत खिशात. मग मालकाला बोलवायचे आणि विचारायचे, काय झालं असेल? मालकाने तीनदा ओळखायचं. चुकलं की भाऊजी जिभेने च्यक करायचे. भोवती चहाचे कप घेऊन सगळं मैदान उभं. तिन्ही वेळा चुकल्यावर मालकाने म्हणायचं, “हरलो, सांगा.” एवढं ऐकलं की भाऊजी ठिपका दाखवायचे आणि घटकाभरात दुरुस्त करून द्यायचे. त्या न्यायाधीशाला त्यांनी एकदा पाऊण तास उभा केला होता. आयुष्यभर दुसऱ्यांना उभं केलेला माणूस, शेवटी पडेल आवाजात “हरलो” म्हणाला. भाऊजी एक पै घेत नसत. जे घ्यायचं ते असं घेत.

नियमाला एक पोटनियमही होता. मालक जर म्हणाला की दोषच नाही, तर विमान मुकाट्याने त्याच्या हातात द्यायचं. पण असं म्हणायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती, त्यामुळे तो पोटनियम आम्ही थट्टेतच धरत होतो.

मीही हसायचो. खोटं कशाला बोलू? टॉर्च माझ्या हातात असल्यामुळे उत्तर मला आधीच माहीत असे, आणि मोठमोठी माणसं चाचपडताना बघणं यासारखी करमणूक कारकुनाला दुसरी नाही.

घरी हाच खेळ माझ्या ताईशी चाले. तिथे मला हसू येत नसे, पण मी बोललोही नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर भाऊजी सांगायचे नाहीत. ताट चार बोटं पुढे सरकवायचे आणि हात मांडीवर ठेवून बसायचे. ताईने ओळखायचं: मीठ, तिखट, की पोळी कच्ची? ती तीनदा चुकली की उठून हात धुवायचे. भाचीच्या शाळेच्या वह्यांत ते चुकीच्या गणिताशेजारी ठिपका देत. कोणती पायरी चुकली ते तिचं तिने शोधायचं, तोवर जेवण नाही. रंगाची ती पहिली बाटली भाचीचीच. बाराव्या वर्षी तिने हौसेने आणली होती. भाऊजींनी ती उजेडात धरून बघितली, कामाला येईल म्हणाले आणि खिशात घातली. पुढे संपत गेल्या तशा नव्या आणल्या, पण तिला तिची परत मिळाली नाही.

भाची मोठी झाली आणि तिने लग्न केलं ते एका एक्स-रे काढणाऱ्या माणसाशी. बोलणं कमी, काम नेटकं. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला. भाऊजींनी त्याला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा बिचारा ग्रह असून कुणाला पीडा देत नव्हता, उलट दर भेटीत भाऊजींचीच पीडा सोसत होता. भाऊजी त्याला ‘जावईबापू’ म्हणत आणि त्या शब्दात जेवढं विष मावेल तेवढं भरत.

गेल्या वर्षी ताईचे गुडघे संपले. ती दोघं राहतात तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. एकीत झोपायचं, दुसरीत स्वयंपाक आणि उघडी पडलेली शिवणयंत्रं. तेलाच्या वासाने ताईला धाप लागायची. चार महिन्यांत ती दवाखाना सोडून जिना उतरली नव्हती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, दुसरं काही नाही. जावयाचं घर तळमजल्यावर, मागे छोटं अंगण. त्याने आपण होऊन एक खोली रिकामी केली, रंगवली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि दोघांनाही राहायला या म्हणून सांगायला आला. ताई त्या दिवशी माझ्यासमोर रडली. मला म्हणाली, “मला आता त्या अंगणात बसून मरायचंय रे. एवढं एक होऊ दे.”

भाऊजी हो म्हणेनात, नाही म्हणेनात. बघू म्हणाले. तरी हळूहळू त्यांनी बॅग भरायला घेतली, आणि ताईने तेवढ्यावरच जीव टांगून ठेवला. तिची बॅग लहान, त्यांची मोठी. दोन्ही दाराजवळ ठेवलेल्या. दिवसही ठरला, रविवारचा. जावयाने सुचवलं की सकाळी आधी सगळे मैदानावर जाऊ, ताईला उघड्यावर बसायला मिळेल, तिथून घरी येऊन बॅगा उचलू आणि जाऊ.

मैदानाचं त्याने काढलं त्याला कारण होतं. लग्नानंतर सासऱ्याची मर्जी मिळावी म्हणून हा गडी विमानं शिकला होता. नकाशावरून स्वतः लाकूड कापून, दोन वर्षं खपून त्याने एक मोठं विमान बांधलं होतं. पाय आत जाणारं. त्याचा डावा पाय दहांतून एकदा बाहेर येताना अडखळत होता. मला वाटतं तो त्याने स्वतः शोधूनही काढला असता. पण त्या सकाळी त्याने विमान टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “बाबा, डाव्या पायाचं तुम्हीच बघा. मला तुमच्याएवढं कळत नाही.” माणूस याहून जास्त काय वाकणार?

भाऊजींनी बघितलं. हवा गळत नव्हती. नळ्या बदलून झाल्या, त्यांतही काही निघालं नाही. तार सुतासारखी सरळ. पाय दहादा आत-बाहेर केला, दहाही वेळा खटकन बसला. मग त्यांनी एक गंमत केली, जी मी त्यांना क्वचितच करताना पाहिली होती. पाय बाहेर येत असताना त्यांनी एका बोटाने तो मागे रेटून धरला, उडताना समोरचा वारा रेटतो तसा. पाय खाली आला. बघणाऱ्याला वाटावं की पूर्ण आला. पण ते ‘खट’ झालं नाही. पाय उभा होता, नुसता टेकवून ठेवलेला. जोर आला असता तर दुमडला असता.

“टॉर्च,” ते म्हणाले. मी वाकून उजेड धरला. पाय ज्या लाकडी पट्टीवर स्क्रूने बसवला होता ती पट्टी आत खोलवर, स्क्रूच्या कडेला चिरली होती. चीर केसाएवढी. वाऱ्याने पाय रेटला की पट्टी किंचित पिळायची आणि कुलूप बसायच्या आधीच सगळं अडायचं. भाऊजींनी आरशाच्या तुकड्यात बघत, काडीच्या टोकाने तिथे लाल ठिपका दिला. मी तो देताना बघितला. भोवती कुणी नव्हतं. मग त्यांनी जावयाला हाक मारली.

चहाचे कप घेऊन मंडळी गोळा झाली. शेडच्या कडेला खुर्चीत ताई बसली होती, कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडावर ऊन पडलं होतं. भाची तिच्या शेजारी उभी. जावई म्हणाला, हवा गळत असेल. च्यक. झडप पूर्ण उघडत नसेल. च्यक. तार वाकली असेल. च्यक. न्यायाधीश मनापासून हसत होता, त्याचा जुना सूड निघत होता. सगळे आता त्या दोन शब्दांची वाट बघू लागले. भाची लांबूनच, ओठांनी म्हणाली, म्हणून टाक ना.

जावयाने बायकोकडे बघितलं, सासूकडे बघितलं. मग टाकीत पंपाने हवा भरली आणि पाय पुन्हा दहादा आत-बाहेर केला. टेबलावर वारा कुठला? दहाही वेळा खटकन बसला. सात वर्षं हा माणूस वाकत आला होता. बायकोसमोर आणि त्या चहावाल्या घोळक्यासमोर आणखी वाकणं त्याच्याने झालं नाही. तो शांतपणे म्हणाला, “दोष नाहीये, बाबा. हवाच कमी भरत होतो मी.”

“मग न्या,” भाऊजी म्हणाले.

मी टॉर्च विझवून खिशात घातला. इथे मी बोलायला हवं होतं. पट्टी चिरलीय, एवढे दोन शब्द. मी मूग गिळून गप्प का बसलो ते सांगतो, आणि ऐकून तुम्हाला माझी चीड येईल. मला त्या घडीला जावयाचाच राग आला होता. न्यायाधीश म्हणाला, ठेकेदार म्हणाला, सगळे म्हणतात हरलो, मग यालाच काय धाड भरली? खेळ मोडला म्हणून मी रुसलो होतो. साठी उलटलेला माणूस.

विमान उडालं. फार देखणं उडालं. पाय पंखात गेले, दोन मोठे फेरे झाले, ताईने टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांनी उतरायची वेळ झाली. आमच्याकडे रीत अशी की उडवणाऱ्याने नजर विमानावरून काढायची नाही. तो विमान डांबरी पट्टीवरून अगदी कमी उंचीने नेतो, आणि पाय बाहेर आले की नाहीत ते दुसरा कुणी बघून ओरडून सांगतो. हे सांगायचं काम सोळा वर्षं भाऊजींचं. पाय खाली आले नसतील तर विमान शेजारच्या गवतात पोटावर उतरवतात. थोडं खरचटतं, बाकी काही होत नाही.

जावयाने विमान खालून आणलं. “बाबा, बघा,” तो ओरडला.

भाऊजी पुढे झाले, कपाळावर हात धरून त्यांनी नीट बघितलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो की गवतात उतरवायला सांगा. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “विचारलं त्याने तर सांगेन.” आणि मग मोठ्याने, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं: “दोन्ही चाकं खाली.”

खरंच होतं. दोन्ही खाली होती. त्यांनी खोटं एक अक्षर काढलं नाही.

विमान डांबरी पट्टीवर टेकलं. उजवं चाक फिरलं, डावा पाय गुडघ्यात मोडावा तसा आत गेला, डाव्या पंखाचं टोक डांबरात रुतलं आणि ते अख्खं विमान त्या टोकावर गरगर फिरून दोनदा उलटलं. पुढे कडेला पाण्याच्या टाकीचा सिमेंटचा कट्टा आहे, त्यावर आदळून त्याचे तीन तुकडे झाले. दोन वर्षांचं काम सहा-सात सेकंदांत संपलं. ताई घाबरून विचारत होती, कुणाला लागलं का, कुणाला लागलं का. ठेकेदार हसायला लागला होता, तो मध्येच थांबला.

जावई चालत गेला. एकेक तुकडा उचलून बघत होता. ज्याला लोकांच्या मोडक्या हाडांतली चीर शोधायची सवय, त्याला वेळ लागला नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात उपसून निघालेली ती लाकडी पट्टी होती. त्याने ती भाऊजींपुढे टेबलावर ठेवली. चिरेवर लाल ठिपका होता. त्या मैदानावर लाल ठिपक्याचा अर्थ कळत नाही असा एकही माणूस नव्हता. सगळे आपापल्या कपात बघू लागले.

भाऊजींना सोडून तो माझ्याकडे वळला. “टॉर्च तुम्ही धरला होतात ना, मामा?”

मी हो म्हणालो.

भाची पुढे आली. तिने पट्टी उचलून उजेडात धरली, अगदी बापासारखी. मग विचारलं, हा कधी लावला. भाऊजींनी घड्याळ बघितल्यासारखं करून सांगितलं, साडेनऊला. ते घाबरले नव्हते, शरमलेही नव्हते. उलट समजावून सांगू लागले की तीन संधी दिल्या होत्या, एकदा हरलो म्हणाला असता तर दोन मिनिटांचं काम होतं, नियम घरच्याला वेगळा आणि बाहेरच्याला वेगळा कसा ठेवणार. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभालाही काही झालं नव्हतं. जळलं होतं ते दुसऱ्याचं.

भाचीने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई, चल.”

जावयाने ताईला हाताला धरून उठवलं, गाडीत मागे बसवलं. भाऊजी हत्यारांची पेटी घेऊन मागोमाग गेले आणि पुढच्या दाराशी उभे राहिले, कुणी दार उघडण्याची वाट बघत. आणि जावयाने ते उघडलंही. अजूनही उघडलं. “बसा, बाबा,” म्हणाला. भाचीने हात लांब करून दार ओढून घेतलं. “नाही,” एवढंच म्हणाली. ताई समोर बघत होती. तिला माहीत होतं की आत्ता एक शब्द काढला तर तिला उतरावं लागेल आणि तो जिना पुन्हा चढावा लागेल. तिने शब्द काढला नाही. चाळीस वर्षांत तिने पहिल्यांदा स्वतःपुरतं बघितलं, आणि मी तिला दोष देत नाही.

आम्ही दोघे बसने परतलो. तीन जिने चढून दार उघडलं, तर दाराजवळ एकच बॅग होती, मोठी. भाऊजी तिच्याकडे बघून म्हणाले, “एका खेपेत दोन झेपल्या नसतील तिला.”

याला आता पाच महिने झाले. त्यांना एक बाई डबा देते. मीठ कमी असलं तर ताट कुणापुढे सरकवावं हा प्रश्न आहे, म्हणून आता मुकाट्याने जेवतात. मैदानावर त्यांना कुणी बोलवत नाही. अडलेले पाय लोक आपले आपण चाचपडतात, नाही तर गवतात उतरतात. बॅग अजून भरलेली आहे. भाऊजी मला सांगतात की जावयाला खोलीत कपाट करून घ्यायचं असेल, सुताराला वेळ लागतो. कधी सांगतात, पोरीच्या रागाचं मूळ मी शोधलंय, विमानाचं नाही, त्या जुन्या बाटलीचं आहे, ते निवळेल.

भाचीने मला दुसऱ्याच आठवड्यात फोन केला होता. बापाशी बोलायचं नाही हे तिने ठरवलंय, पण त्याला अंधारातही ठेवायचं नाही. म्हणाली, “मामा, त्यांना सांग, त्यांना न्यायला कुणी येणार नाही. कधीच. स्पष्ट सांग. आणि सांगितलंस की मला कळव. मग तुझंही माझ्याशी काही काम उरलं नाही.” टॉर्चचं ती विसरलेली नाही. मागे ताईचा आवाज येत होता, अंगणात कुणाशी तरी बोलत होती. हसत होती.

मी निरोप पोचवला नाही. दर रविवारी संध्याकाळी भाची फोन करते, विचारते, सांगितलंस का. मी म्हणतो, अजून जमलं नाही, तब्येत बरी नाही त्यांची, पुढच्या वेळी सांगतो. ती चिडते, पण फोन ठेवायच्या आधी मी विचारतो ताई कशी आहे, आणि ती दोन वाक्यं सांगते. आता काठी न घेता अंगणात जाते. धाप लागत नाही. मला एवढंच उरलंय. निरोप देऊन टाकला तर हेही गेलं. त्यापायी तो म्हातारा पाच महिने भरलेल्या बॅगेशेजारी बसलाय, हे मला कळतं. मला त्याची दया येत नाही. कधीकधी त्याला तसं बसलेलं बघून बरंच वाटतं.

आठवड्यापूर्वी, रविवारी, ताई स्वतः फोनवर आली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. तिने माझी चौकशी केली नाही. म्हणाली, “त्यांना सांग, कपडे काढून कपाटात लावा. बंद बॅगेत वास लागतो.”

हा निरोप मी दिला. दुसऱ्याच दिवशी जाऊन, शब्द न शब्द तसाच. भाऊजींनी वळून बॅगेकडे बघितलं. केसाएवढी चीर बोटाने ओळखणारा माणूस. मग त्यांचा चेहरा उजळला.

“तिला म्हणावं, काळजी करू नको,” ते म्हणाले. “डांबरगोळ्या टाकल्यात मी.”

मी सांगतो म्हणालो आणि उठलो. काल भाचीचा फोन आला. सांगितलंस का, तिने विचारलं.

“अजून नाही,” मी म्हणालो. “ताई कशी आहे?”